सँडबॉक्स बंद, तरी ३३ चाचण्या पास! लिनक्सचा टेस्ट सूट फ्रीबीएसडीवर नेताना डोकं फिरलंय

लातूरचा लॅबवाला
सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. लातूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी लॅब असिस्टंट आहे. दुसऱ्या वर्षाची सी ची प्रॅक्टिकलं माझ्या गळ्यात. एका बॅचला साठ-सत्तर पोरं, एकेकाचे दहा-बारा प्रोग्राम, हातानं कोण तपासणार? म्हणून तीन वर्षांपूर्वी मी एक तपासनीस लिहिला. पोराचा कोड कम्पाइल करायचा, पिंजऱ्यात, म्हणजे सँडबॉक्समध्ये घालून चालवायचा (बाहेर कशाला हात लावता येऊ नये म्हणून), आउटपुट जुळलं की टिक. पिंजरा लिनक्सवरचा. सेककॉम्पची गाळणी सिस्टिम कॉल (प्रोग्रामनं कर्नलकडं, म्हणजे ओएसच्या गाभ्याकडं केलेली मागणी) अडवणार, लँडलॉक एका फोल्डरबाहेर जाऊ देणार नाही, वेळ आणि मेमरीला आर-लिमिटची वेसण. पिंजरा पक्का आहे का हे बघायला ६३ चाचण्या लिहिल्या. वीस भल्या प्रोग्रामांच्या (हे चाललेच पाहिजेत), पाच वेळ-मेमरीच्या, आणि ३८ चोरांच्या (हे अडलेच पाहिजेत).

आता हे सगळं फ्रीबीएसडीवर (लिनक्ससारखीच दुसरी ओएस) कामून न्यायलो? लाईट. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा जाते, यूपीएसची बॅटरी मेलेली, नवीन मागितली की "पुढच्या बजेटात बघू". जुन्या मशिनची डिस्क दर पंधरा दिवसांनी रुसायची. पुण्यातल्या आतेभावानं त्याच्याकडचा एक जुना सर्व्हर दिला, फ्रीबीएसडी १४ आणि झेडएफएस ही फाईल सिस्टिम घालून. महिन्यात अकरा वेळा लाईट गेली, अकराही वेळा मशिन उठून आपलं कामाला लागलं. मग म्हटलं, तपासनीसही इथंच आणू.

फ्रीबीएसडीत सेककॉम्प नाही, लँडलॉकही नाही. तिथं पिंजऱ्याच्या कामाला आहे कॅप्सिकम. नाव ढोबळ्या मिरचीचं, पण चीज तिखट आहे. पिंजऱ्याचा सी कोड दोनेकशे ओळींत नव्यानं लिहिला: कॅप_एंटर करायचं (म्हणजे पिंजऱ्याचं दार लावायचं) आणि मग एफएक्झेकव्हीईनं पोराची बायनरी, म्हणजे कम्पाइल झालेला प्रोग्राम, चढवायची. पहिल्या दिवशी एकही बायनरी चढेना, कारण डायनॅमिक लिंकरला लायब्रऱ्या उघडता येत नव्हत्या. सगळं स्टॅटिक (लायब्रऱ्या बायनरीच्या पोटातच) कम्पाइल केलं, चढली.

चाचण्यांची किरकोळ डागडुजीही केली. बॅश इथं स्लॅश-बिनमध्ये नसतो, सेडच्या जागेवर-बदल पर्यायाला एक जास्तीचा रिकामा शब्द द्यावा लागतो, मेक वेगळा. दोन तास गेले, ते सोडा.

पहिल्यांदा चालवल्या तेव्हा ४४ पास, १९ नापास. बरं वाटलं, खरं सांगतो. मग नापासांच्या मागं लागलो. एक बघायला कॅप_एंटरची ओळ कॉमेंट केली, तेवढ्यात खालून शिपायानं चहाला हाक मारली. परत येऊन विसरून सगळा सूट चालवला. ३३ पास.

म्हणजे पिंजऱ्याचं दारच काढून ठेवलंय आणि ३३ चाचण्या म्हणतात सगळं ठीक. त्यातल्या पंचवीस समजू शकतो: भले वीस आणि मर्यादांचे पाच, ते पिंजऱ्याविना चालणारच. पण उरलेले आठ चोर? दार उघडं असताना ते कसे काय अडले?

त्या आठ चाचण्या अशा: ईटीसीमधली शॅडो (पासवर्डची) फाईल वाचणं, प्रोकमधल्या (चालू प्रक्रियांची माहिती असते ते फोल्डर) तीन फायली वाचणं, पीट्रेस (दुसऱ्या प्रक्रियेत डोकावायचा कॉल), बाहेरच्या एका साईटला कनेक्ट करणं, माउंट (नवी डिस्क जोडणं) करणं आणि सेटयूआयडीनं रूट, म्हणजे मशिनचा मालक-यूजर, होणं.

आणि नापास १९ मध्ये दहा अशा आहेत की ज्या एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना देतो तो आकडा) १५९ ची वाट बघतात, आणि इथं येतो १. दोन फोर्कच्या (प्रोग्रामनं नवी प्रक्रिया काढणं), एक सॉकेटची (नेटच्या जोडणीचं टोक). सहा तर भल्या प्रोग्रामांच्याच, त्यातला एक नुसता तारीख-वेळ छापतो आणि साडेपाच तास मागं दाखवतो. दोन दिवस झाले, नुस्तं डोकं खाजवायलो. कुणी हे केलंय का?


परभणीचा रूट
सोमवार, रात्री ११:५८

मालक, एवढं कशाला करायलात? जेल लावा, फ्रीबीएसडीतला वेगळा बंद कप्पा. फ्रीबीएसडीवर येऊन जेल सोडून मिरची कशाला निवडायची? एक छोटं फोल्डर, त्यात जेल, संपलं. नाहीतर लिनक्सची बायनरी चालवायचा थर आहे, त्यात जुनंच चालवा.


लातूरचा लॅबवाला
मंगळवार, सकाळी ७:१०

रूटभाऊ, लिनक्सचा थर करून बघितला. त्यात सेककॉम्पची गाळणी चालत नाही, म्हणजे पिंजराच नाही. जेल लावायला रूट लागतो आणि तपासनीस मी मुद्दाम साध्या यूजरवर ठेवलाय. ते नको वाटतंय.


गोदाकाठची
मंगळवार, दुपारी १:२५

दादा, नांदेडहून लिहितेय. पुण्यात सात वर्षं टेस्टिंग केलं, आता घरूनच करते, आणि त्यातली शेवटची तीन याच कामात गेली. जरा लांब लिहीन, जेवण झालंय.

तुमच्या १९ नापासांची मला काळजी नाही. काळजी त्या आठ पास झालेल्यांची आहे. तुम्ही लातूरकर, म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. नळाला पाणीच नाही त्या दिवशी प्लंबरनं कॉक बसवला, फिरवून दाखवला आणि म्हणाला, "बघा, एक थेंब गळत नाही." तुम्ही त्याला पैसे द्याल का? २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं तुमचं गाव, तुम्हाला हे जास्त सांगायला नको. कॉक तपासायचा तर आधी नळाला धार पाहिजे.

शॅडो फाईल घ्या. फ्रीबीएसडीवर ती नसतेच, तिथं मास्टर-पासवर्ड नावाची फाईल असते. म्हणजे तुमच्या चोराला "फाईल सापडली नाही" असं उत्तर आलं, आणि चाचणीनं ते "अडवलं" म्हणून लिहून घेतलं. आता तुम्ही म्हणाल, नाव बदलतो. बदलू नका. मास्टर-पासवर्ड फक्त रूटला वाचता येते. तुमचा चोर साधा यूजर. म्हणजे पिंजरा असो नसो, तो अडणारच. आणि हेच लिनक्सच्या शॅडोलाही लागू आहे. ती चाचणी तिकडेही तीन वर्षं काहीच तपासत नव्हती.

प्रोकच्या तिन्ही: फ्रीबीएसडीवर प्रोक मुळात माउंटच नसतं, मुद्दाम लावावं लागतं. माउंट आणि सेटयूआयडी: साध्या यूजरला कर्नल तसाही नाही म्हणतो. बाहेरच्या साईटची: खरं सांगा, त्या वेळी लॅबचं नेट चालू होतं का? आणि पीट्रेस तुम्ही नावानं बोलावलाय की आकड्यानं? मला वाटतं आकड्यानं, १०१. तो लिनक्सच्या ६४ बिटचा आकडा. फ्रीबीएसडीवर पीट्रेस २६ आहे. तुमचा चोर १०१ नंबरच्या घराची कडी वाजवून परत आला, आणि ते घर दुसऱ्याचंच होतं. यात अजून एक खड्डा आहे. नसलेल्या आकड्याचा सिस्टिम कॉल केला की प्रक्रियेला सिगसिस हा मारणारा सिग्नल पाठवायचा ही बीएसडी घराण्याची जुनी रीत. सेककॉम्पही मारताना सिगसिसच वापरतो. म्हणजे "सिगसिसनं मेला, म्हणजे माझ्या पिंजऱ्यानं मारला" असा अर्थ इथं काढायचाच नाही.

उपाय एकच, कंटाळवाणा आहे. प्रत्येक चोराला एक जुळा भाऊ द्या. तोच कोड, तोच मार्ग, फक्त पिंजऱ्याबाहेर. बाहेरच्याची चोरी झालीच पाहिजे. तो यशस्वी झाला तरच आतल्याच्या अपयशाला किंमत. बाहेरचाही अडला तर निकाल "पास" नाही, "नापास" नाही, "वगळली", आणि शेजारी कारण. फ्रीबीएसडीचं स्वतःचं क्युआ हे साधन असं तिसरं उत्तर ठेवतं, प्रत्येक चाचणी वेगळ्या प्रक्रियेत, वेगळ्या तात्पुरत्या फोल्डरात चालवतं. तुमच्या शेल स्क्रिप्टा त्यात फार न मोडता बसतील.

शॅडोऐवजी आमिष ठेवा. चाचणीनं स्वतःच एक फाईल बनवायची, सगळ्यांना वाचता येईल अशी, आत एक ठरावीक शब्द. बाहेरच्या भावानं तो शब्द छापला पाहिजे, आतल्यानं नाही. नेटसाठी बाहेरची साईट कधीच नको. चाचणीनंच १२७.०.०.१ वर एक ऐकणारा बसवायचा. बाहेरचा भाऊ त्याला जाऊन भेटला पाहिजे. ऐकणारा नसताना कनेक्ट केलं तर "नकार मिळाला" असंच उत्तर येतं आणि तुम्ही पुन्हा कोरड्या नळाशी.

आता त्या दहा. त्यांच्यावर रागावू नका, तुमच्या सूटमधल्या सगळ्यात इमानदार चाचण्या त्याच आहेत. "यश आलं नाही की पास" अशा ढिल्या लिहिलेल्या नव्या घरात गपचूप पास झाल्या, आणि "मला १५९ च पाहिजे" म्हणून अडून बसलेल्यांनी बोंब ठोकली. १५९ म्हणजे शेलच्या रिवाजानं १२८ अधिक सिग्नलचा आकडा. तुमच्या लिनक्सवर सिगसिस ३१, फ्रीबीएसडीवर १२. म्हणजे इथं तोच मृत्यू १४० झाला असता. सिग्नलचे आणि चुकांचे आकडे कधीच हातानं लिहू नका, नावं वापरा. ईअगेन ("पुन्हा प्रयत्न कर") ही चूक लिनक्सवर ११ आहे, इथं ३५.

पण इथं आकडा बदलूनही भागणार नाही, कारण कॅप्सिकम मारतच नाही. तो नाही म्हणतो आणि प्रोग्रामला पुढं जाऊ देतो. नावानं रस्ता मागितला तर ईकॅपमोड ही चूक, ९४. हातातल्या डिस्क्रिप्टरवर (उघडलेल्या फाईलला किंवा फोल्डरला मिळालेला आकडा) हक्क नसलेलं काम केलं किंवा त्याच्याबाहेर जायला बघितलं तर ईनॉटकेपेबल, ९३. म्हणून तुम्हाला १ दिसला: चोराला नकार मिळाला, त्यानं कुरकुर छापली आणि शहाण्यासारखा बाहेर पडला.

इथं तुम्हाला ठरवावं लागेल. तुमच्या पिंजऱ्याचं वचन काय आहे, "चोर मरेल" की "चोरी होणार नाही"? पहिलं वचन लिनक्सवर फुकट मिळालं होतं म्हणून चाचणीत शिरलं. माझ्या मते पोरांच्या प्रॅक्टिकलला दुसरं पुरे. ज्या पोरानं चुकून फाईल उघडली, त्याचा प्रोग्राम ठार मारण्यापेक्षा "उघडली नाही" हे त्याच्या कोडनं हाताळलं की नाही ते तरी कळेल. मारायचंच असेल तर प्रॉकसीटीएलमध्ये एक स्विच आहे, नकाराच्या वेळी सिगट्रॅप हा सिग्नल येतो. पण सिगट्रॅप पकडता येतो, चोर पकडून पुढं जाईल. शोधाशोधीला ठेवा, भरवशाला नको. शोधाशोधीला केट्रेस (कॉलांची नोंद ठेवणारं साधन) त्याहून बरा, ती नोंद केडंपनं वाचली की "कॅप" म्हणून ओळ येते, कुठं नडलं ते लगेच दिसतं.

फ्रीबीएसडीच्या सोर्समध्ये कंट्रिबखाली कॅप्सिकम-टेस्ट नावाचं फोल्डर आहे, ते उघडून बघा. कॅप्सिकम लिनक्सवर आणायचा प्रयत्न गूगलमध्ये झाला होता, तेव्हाचा तो सूट, म्हणून दोन्ही ओएसचा विचार करून लिहिलेला. त्यात नकाराला एक नाव दिलंय, आणि त्या नावाचा अर्थ एका हेडरमध्ये प्रत्येक ओएससाठी ठरवलाय. चाचणीत फक्त नाव. तुमच्या ३८ ला हेच करा. "नाकारलं_पाहिजे" असा एक मॅक्रो, लिनक्सवर त्याचा अर्थ सिगसिसनं मरण किंवा ईअ‍ॅक्सेस ("परवानगी नाही"), इथं ९३ किंवा ९४. बाकी कुठलीही चूक आली, "फाईल सापडली नाही" धरून, तर ती नापास.

फोर्कचं सोपं आहे आणि वाईटही. कॅप्सिकमला फोर्कचं वावडं नाही, तो चालूच देतो. तुमचं जुनं कुलूप सेककॉम्पचं होतं, ते गेलं. इथं प्रक्रियांच्या संख्येची आर-लिमिट लावा. पण ती मोजणी यूजरमागे होते, प्रोग्राममागे नाही. तपासनीस आणि पोराचा प्रोग्राम एकाच यूजरवर असतील तर एकाच्या फोर्क-बॉम्बनं तपासनीसही गुदमरेल. सॉकेटचं तसंच: नुसता सॉकेट बनवायला इथं बंदी नाही, कनेक्टला आहे. तुमची चाचणी सॉकेटवरच अडून बसलीय, तिला पुढच्या पायरीवर न्या.

साडेपाच तासांवर हसू आलं. लोकलटाइम पहिल्यांदा बोलावला की ईटीसीतली लोकलटाइम फाईल उघडायला जातो. पिंजऱ्यात ती उघडत नाही, मग बिचारा ग्रीनिचला जाऊन बसतो. आपल्याच प्रोग्रामात असतं तर कॅप_एंटरआधी टीझेडसेट करून भागलं असतं, पण हा पोराचा प्रोग्राम, नव्यानं चढणारा. एन्व्हायरनमेंटमधल्या टीझेडमध्ये (टाइमझोन) आयएसटी वजा ५:३० लिहून द्या. हो, वजाच. पॉझिक्सची चिन्हं उलटी असतात, ग्रीनिचच्या पूर्वेला वजा. हे नियम म्हणून वाचलं जातं, फाईल लागत नाही.

उरले भल्यांपैकी पाच. ते फाईल हँडलिंगचे असणार. आणि इथं मला वाईट बातमी द्यायचीय. एफओपन("मार्क्स.टेक्स्ट") हे चालू फोल्डरपासूनचं नाव असलं तरी नावच आहे, कॅप्सिकम ते नाकारणार. लँडलॉक "या फोल्डरात काहीही कर" म्हणायचा. कॅप्सिकम म्हणतो, फोल्डरचा डिस्क्रिप्टर हातात घे आणि ओपन-अ‍ॅटनं त्याच्याखालचं माग. दुसऱ्या वर्षाचं पोर हे लिहिणार नाही, आणि लिहू नये. म्हणजे रूटभाऊंनी पहिल्याच उत्तरात जेल म्हटलं ते अगदीच उडवून लावण्यासारखं नव्हतं.


परभणीचा रूट
मंगळवार, दुपारी २:०२

ताईंनी मान्य केलं. स्क्रीनशॉट काढून ठेवला.


गोदाकाठची
मंगळवार, दुपारी २:२०

अगदीच म्हटलंय, पूर्ण नाही. जेलशिवायही वाट आहे. लिंकरला रॅप-एफओपन असं सांगा, तो पोराच्या कोडमधला प्रत्येक एफओपन तुमच्या फंक्शनकडं वळवतो. तुमच्या फंक्शननं आधीच उघडून दिलेल्या डिस्क्रिप्टरवर ओपन-अ‍ॅट, मग एफडीओपन. तीसेक ओळी. कुणी चलाखी करून तुमचं फंक्शन टाळलं, सरळ ओपन बोलावला, तर कॅप्सिकम आहेच. म्हणजे रॅपर ही सोय, कुलूप नाही. तेही तपासणारी एक चाचणी लिहा: रॅपर टाळणारा चोर, आणि टिंब-टिंब-स्लॅश करून वर चढणारा चोर. दोन्हींना जुळे भाऊ हवेतच.


लातूरचा लॅबवाला
मंगळवार, रात्री १०:४५

ताई, हात जोडले. पीट्रेस आकड्यानंच होता, १०१. कुठूनतरी उचललेला कोड. आणि नेट बंद होतं का म्हणाल तर रजिस्टर काढून बघितलं, त्या दुपारी बंदच होतं.

एक शंका. माउंट आणि सेटयूआयडीला जुळा भाऊ आणायचा तर त्याला रूटवर चालवावं लागेल. करू का?


गोदाकाठची
मंगळवार, रात्री ११:०५

नका करू. काढून टाका. साध्या यूजरला माउंट करता येत नाही हा तुमच्या पिंजऱ्याचा गुण नाही, कर्नलचा आहे. आकडा ६३ वरून ६१ झाला तर कुणी पगार कापत नाही.


वसमतचा
बुधवार, सकाळी ९:३०

सर, ओळखलं का? नाव लिहीत नाही. तुमच्या लॅबचाच आहे, आता पुण्यात नोकरीला. हा धागा मित्रानं पाठवला आणि रात्रभर झोप नाही, म्हणून सांगूनच टाकतो.

तुमच्या ३८ चोरांत मी नव्हतो.

आम्हाला मॅट्रिक्सचं प्रॅक्टिकल काही केल्या जमंना. तेव्हा एका रात्री मी प्रोग्रामात ३ पासून २० पर्यंतच्या प्रत्येक डिस्क्रिप्टरवर नुसता रीड मारून बघितला. काहीच उघडायचं नाही, फक्त वाचायचं. ५ नंबरवर तुमची अपेक्षित आउटपुटची फाईल उघडीच पडलेली होती. तपासनीसानं ती तुलनेसाठी उघडली असणार आणि एक्झेकआधी बंद करायची राहिली. मग काय, वाचली आणि जशीच्या तशी छापली. सेककॉम्पनं काही म्हटलं नाही, कारण रीडला परवानगी होतीच. लँडलॉकलाही घेणंदेणं नव्हतं, फाईल आधीच उघडलेली.

हे फ्रीबीएसडीवर आपोआप बंद होईल असं समजू नका. कॅप_एंटर नव्या वाटा बंद करतो, हातात आधीच असलेलं काढून घेत नाही. उलट कॅप्सिकमचं सगळं गणितच त्यावर आहे की हातात जे आहे तोच तुमचा हक्क. म्हणजे विसरलेला डिस्क्रिप्टर हा तिथं अधिकृत परवानाच. कॅप_एंटरआधी क्लोजफ्रॉम लावा, तो दिलेल्या आकड्यापासून पुढचे सगळे डिस्क्रिप्टर बंद करतो.

माफ करा सर. त्या प्रॅक्टिकलला मला दहापैकी दहा होते.


परभणीचा रूट
बुधवार, सकाळी ९:४१

हे पोरगं जाम आवडलं मला.


गोदाकाठची
बुधवार, सकाळी १०:१५

मी काल एवढं लांब लिहिलं आणि हे मलाही सुचलं नाही. मी फक्त तुमच्या यादीत होत्या त्याच चाचण्या दुरुस्त करत बसले.

याला चाचणी अशी लिहा: पिंजऱ्यातल्या प्रोग्रामनं ० ते २५५ प्रत्येक आकड्यावर एफस्टॅट (डिस्क्रिप्टर उघडा आहे का ते कळतं) करायचा आणि जे जिवंत निघतील ते छापायचे. ०, १, २ आणि फोल्डरचा एक, एवढेच आले पाहिजेत. याचा जुळा भाऊ मात्र उलटा. त्याच्यासाठी तपासनीसात मुद्दाम एक डिस्क्रिप्टर उघडा सोडा, आणि चाचणीनं तो पकडला पाहिजे. नाहीतर मोजणारा कोडच चुकलेला असायचा आणि आपण खूश. फोल्डरच्या डिस्क्रिप्टरवरही कॅप_राइट्स_लिमिटनं हक्क कमी करा, वाचायच्या प्रॅक्टिकलला लिहायचा हक्क कशाला?


लातूरचा लॅबवाला
शनिवार, रात्री ९:२०

तीन दिवस यातच गेले, आज निकाल टाकतो.

माउंट आणि सेटयूआयडी काढल्या. शॅडोच्या जागी आमिष आलं, नेटसाठी स्थानिक ऐकणारा आला, पीट्रेस नावानं बोलावला, त्या तिन्ही आता खऱ्या पास होतात. जुळे भाऊ बाहेर धडाधड चोऱ्या करायलेत, बघून बरं वाटतं. प्रोकच्या तिन्ही "वगळली, प्रोक माउंट नाही" म्हणून येतात. त्यांना लिनक्ससाठी ठेवलंय.

दहाही १५९ वाल्या मॅक्रोवर नेल्या. तेव्हा कळलं, त्यातल्या एकीला ९३ किंवा ९४ काहीच येत नाही, "फाईल सापडली नाही" येतं. चोर जिथं लिहायला जायचा ते फोल्डर मी फ्रीबीएसडीवर बनवलंच नव्हतं. जुळ्यानं पकडून दिलं, नाहीतर तीही कोरड्या नळाचीच निघाली असती.

वेळ आता बरोबर छापतो. वजा ५:३० लिहिताना हात थरथरला, तीनदा वाचून लिहिलं. रॅपर २८ ओळींत झाला, फायलींचे पाचही भले प्रोग्राम चालले. एकदा पडला होता: "ए" मोड मी विसरलो होतो, जोडून लिहिण्याऐवजी पुसून लिहायचा. पोरांच्या आधी मला सापडला हे नशीब.

मग हाच नवा सूट उचलून जुन्या लिनक्स मशिनवर नेला. जुळ्यांसकट, पण काढलेल्या दोन आणि बदललेल्या शॅडो-नेटच्या दोन तेवढ्यापुरत्या जुन्या रूपात परत घातल्या. तिथंही चार पोकळ होत्या: शॅडो, माउंट, सेटयूआयडी, आणि नेट गेलेलं असताना नेटची. तीन वर्षं दर सेमिस्टरला मी त्या चालवून एचओडी सरांना "सगळं हिरवं" म्हणून कागद दिलाय.

डिस्क्रिप्टरची चाचणी लिहिली. क्लोजफ्रॉम घालायच्या आधी मुद्दाम चालवली. ५ नंबर जिवंत. फ्रीबीएसडीवरही ५ नंबरच, कारण तपासनीसाचा तो भाग मी तसाच उचलून आणला होता.

फोर्कच्या दोन मात्र अजून नापास. प्रत्येक प्रोग्रामला वेगळा यूजर द्यायचा तर यूजर बदलायला पुन्हा रूट लागतोय, आणि तिथंच येऊन अडलोय. रूटभाऊ, जेलमध्ये प्रक्रियांची संख्या बांधता येते का?


परभणीचा रूट
शनिवार, रात्री ९:३३

येते. आरसीटीएल हे मर्यादा घालायचं साधन, त्यात मॅक्सप्रॉक, जेलच्या नावानं नियम लावायचा. त्याआधी लोडर-कॉन्फ या बूटच्या फाईलमध्ये कर्न-रॅक्ट-एनेबल १ करून मशिन एकदा रीबूट करा, नाहीतर नियम लागतच नाही. जेल एकदाच बूटला रूटकडून उभा करा, तपासनीस सगळाच्या सगळा आत, साध्या यूजरवर. आत कॅप्सिकम तुमचा तुम्हाला. असं केलं की दोघांचंही राहतंय, तुमचंही आणि माझंही. फक्त मर्यादा पूर्ण जेलला लागेल, त्यामुळं एका वेळी एकच पोराचा प्रोग्राम चालवा, तपासनीसाच्या प्रक्रिया मोजून आकडा ठेवा.


लातूरचा लॅबवाला
शनिवार, रात्री ९:५०

हे पटलं. उद्या बघतो.

वसमतच्या पोरा, ओळखलं तुला. मार्क लागले ते लागले, ते काही आता निघत नाहीत. पण दिवाळीला गावाकडं येशील तेव्हा एक दिवस लॅबला ये. तू अजून काय काय करून बघितलं होतंस ते मला समोर बसून लिहून पाहिजे.


वसमतचा
शनिवार, रात्री १०:०४

येतो सर. एक वही भरेल.